मालिशची खोली आणि माझं एक नामंजूर प्रकरण



आजचा विषय स्पा आहे. शब्द वाचून काही जण हसतील, काही जण पोस्ट पुढे ढकलतील. बेळगावच्या टिळकवाडीत राहणारा, धारवाडच्या विद्यापीठाचा बी.कॉम., सदतीस वर्षं बँकेत काढलेला म्हातारा स्पाबद्दल काय लिहिणार, असंही वाटेल. पण या गटात आपल्या घरांतल्या गोष्टी निघतात, आणि ही आमच्या घरातली गोष्ट आहे. शिवाय त्यात माझी एक चूक आहे. ती आजवर कोणाला सांगितली नव्हती.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी नऊ वर्षं गोव्यात एका मोठ्या हॉटेलच्या स्पामध्ये कामाला होती. पंधरा दिवसांनी एकदा चोर्ला घाटातून बसने घरी यायची. घरात तिच्या नोकरीबद्दल कोणी फारसं बोलत नसे. पाहुण्यांनी विचारलं की दादा सांगायचे, "हॉटेल लाइनमध्ये आहे." मालिश हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. मीही नाही.

दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून आली. कंबर धरलेली, आणि उजव्या अंगठ्याचं मूळ इतकं दुखायचं की पोळी लाटताना लाटणं सुटायचं. वय अडतीस. म्हणाली, "काका, आता दुसऱ्याकडे नाही. शहापूरच्या घरातली परड्याकडची खोली द्या, मी तिथं माझं सुरू करते. फक्त बायकांसाठी." दादा गप्प बसले. वहिनी म्हणाल्या, "गल्लीत लोक काय म्हणतील?" पोरगी माझ्याकडे वळली आणि एक कागद पुढे केला. इंटीरियरवाल्याचं कोटेशन होतं. मुद्रा योजनेतून कर्ज घ्यायचं, किशोर गटात पाच लाखांपर्यंत बसतं, तारण लागत नाही, हे तिला माहीत होतं. तिला माझी सही नको होती, कागद वाचून हवा होता.

मी चष्मा लावला. एकूण 4,60,000. खोटं छत आणि रंगीत दिवे 90 हजार. भिंतीवरचं प्लास्टिकचं गवत, छोटा धबधबा आणि बुद्धाची मूर्ती 70 हजार. लाकडी दिसणारं फ्लोअरिंग 75 हजार. रिसेप्शनचा सोफा आणि काउंटर 80 हजार. बोर्ड 30, एसी 45, रंग आणि वायरिंग 40. सगळ्यात खाली मालिशचं टेबल 20 हजार, टॉवेल-चादरी 10 हजार.

बँकेतली सवय जात नाही. ज्या वस्तूंवर तिचं काम चालणार त्यांचे 30 हजार, म्हणजे शंभरातले साडेसहा रुपये. उरलेले साडेत्र्याण्णव फोटोसाठी. आमच्या भाषेत त्याला मेलेला पैसा म्हणतात. हप्ता मात्र सगळ्याचा भरायचा असतो.

इथे मला 1988 साल आठवलं.

तेव्हा मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. गावात बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना तेल लावणारी एक बाई होती. तिला तुम्ही सगळे ओळखता, कारण प्रत्येक गावात ती होती. पाटावर बसायची, पाय लांब करायची आणि बाळाला नडगीवर पालथं घालायची. तिचं टेबल म्हणजे तिचे स्वतःचे पाय. बाळंतिणीला मात्र जमिनीवर चटईवर घेऊन वाकून चोळावं लागायचं. एक दिवस ती शाखेत आली. चार हजार रुपये हवे होते. म्हणाली, "सायेब, वाकून वाकून कंबर मोडली बघा. घराला लागून पक्की न्हानी करतो, एक बंब, आनी माझ्या कमरेएवढा ओटा. मग बाया माझ्याकडंच येतील."

मी हसलो. खरंच हसलो. न्हाणी बांधायला बँक कर्ज देत नाही, असं सांगितलं आणि अर्जावर "अनुत्पादक कारण" असा शेरा मारला. त्या वेळी डीआरआय नावाची योजना चालू होती. 1972 पासूनची, सगळ्यात गरीब माणसासाठी, व्याज फक्त 4 टक्के आणि मर्यादा 6,500 रुपये. बँकेला आदल्या वर्षीच्या एकूण कर्जाच्या 1 टक्का रक्कम त्यात द्यावीच लागे, आणि आमचं उद्दिष्ट अपुरंच असायचं. तिचं प्रकरण त्यात सहज बसलं असतं. त्याच आठवड्यात मी एका कापडदुकानदाराला काचेच्या शोकेससाठी 15 हजार मंजूर केले. ते पुढे थकले.

ती बाई काय मागत होती हे मला पुतणीचं कोटेशन हातात घेतल्यावर कळलं. ती मालिशची खोली मागत होती. गरम पाणी, धुता येणारी जमीन आणि कमरेएवढं टेबल, एवढंच. स्पाची खोली कशी असावी हे त्या बाईला कोटेशनवाल्यापेक्षा जास्त कळत होतं.

तेव्हा माझं मत पहिल्यांदा सांगून टाकतो. मालिशची खोली जो हात काम करणार त्या हातापासून आखायला सुरुवात करावी, मग झोपणाऱ्याचा विचार करावा, आणि बघणाऱ्याचा सगळ्यात शेवटी. आपल्याकडे क्रम नेमका उलटा आहे, म्हणून पोरी अडतिसाव्या वर्षी कंबर धरून घरी येतात.

आता मुद्द्याने सांगतो. मालिशचं मला काही कळत नाही. हे सगळं पुतणीने मला शिकवलं. मी फक्त प्रश्न विचारले आणि आकडे मांडले.

पहिलं टेबल. सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचे, मूठ वळायची. मुठीची बोटांची हाडं टेबलाच्या पृष्ठभागाला टेकली की ती उंची बरोबर. जोर देऊन मालिश करायची असेल तर आणखी थोडं खाली. टेबल उंच असलं तर खांदे वर चढतात, अंगाचं वजन वापरता येत नाही आणि सगळा जोर अंगठ्यांनी द्यावा लागतो. फार खाली असलं तर कंबर जाते. गोव्याच्या त्या हॉटेलात खोल्या राजवाड्यासारख्या, पण टेबलाची उंची सगळ्यांना एकच. ही पाच फुटांची, हिच्यासोबतचे कामगार पावणेसहा फुटांचे. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये पाय खालीवर करायला वेळ नसायचा. नऊ वर्षांत अंगठा गेला तो असा. तेव्हा पाय खालीवर करता येणारं, न डुगडुगणारं टेबल हवं. लांबी सहा फूट, रुंदी 28 इंच. फार रुंद घेतलं तर पलीकडच्या खांद्यापर्यंत पोचायला वाकावं लागतं. डोक्याकडे चेहरा ठेवायला गोल आधार हवा, म्हणजे पालथं झोपल्यावर मान मुरगळत नाही. उताणं झोपल्यावर गुडघ्यांखाली आणि पालथं झोपल्यावर घोट्यांखाली लोड हवा.

दुसरी जागा. आमची खोली 10 बाय 13 फुटांची. आम्ही दोघांनी जमिनीवर खडूने टेबल काढलं आणि ती त्याभोवती फिरली. चारी बाजूंनी तीन फूट तरी मोकळे हवेत, नाहीतर हात लांब मारताना कोपर भिंतीला लागतो. जागा पुरली. पण खडूने आणखी एक गोष्ट दाखवली. दार जसं उघडत होतं, तसं ते उघडलं की टेबलावरचं माणूस थेट सोप्यातून दिसलं असतं. कोटेशनमध्ये धबधबा होता, दाराचा उल्लेख नव्हता. बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेऊन दार फिरवलं, आत पडदा लावला. सुताराने आठ हजारांत केलं.

दाराला आतून कडी लावायची की नाही यावर घरात वाद झाला. वहिनी म्हणाल्या लावावी, लाज झाकते. पुतणी म्हणाली नको. आतल्या दोघींपैकी कोणालाही केव्हाही बाहेर पडता आलं पाहिजे. लाज झाकायला पडदा, चादर आणि बाहेर अडकवायची पाटी पुरते. शिवाय तिच्या हाताशी घंटीचं बटण, जे वाजलं की माजघरात ऐकू येईल. नऊ वर्षं तिने हे काम केलंय. ती असं का म्हणते हे मी विचारलं नाही. वहिनीही मग काही बोलल्या नाहीत.

तिसरी जमीन. लाकडासारखं दिसणारं फ्लोअरिंग फोटोत छान दिसतं. पण त्यावर तेल पडलं, पाणी पडलं की फुगतं. आणि तेल लागलेल्या पायाने माणूस टेबलावरून उतरलं की घसरतं. आमच्या वयाला खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे या गटातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून खरबरीत, न घसरणारी टाइल, पाणी जायला उतार आणि जाळी. चढायला-उतरायला रुंद बुडाची पायरी, धरायला भिंतीत दांडा, खाली रबरी चपला. ती स्वतः जिथं उभी राहते तिथं रबराची जाड चटई, म्हणजे टाचा भरून येत नाहीत.

चौथे दिवे. रंगीत दिव्यांत कातडी दिसत नाही. कुठं पुरळ आहे, कुठं शीर फुगलीय, कुठं काळंनिळं आहे, हे बघितल्याशिवाय तेल लावायचं कसं? पिवळसर, कमी-जास्त करता येणारा दिवा हवा आणि तो झोपलेल्याच्या डोळ्यांवर नको. सफाईसाठी दुसरा, लख्ख पांढरा. बस्स.

पाचवी हवा. बेळगावात एसी कशाला? आपल्याकडे पावसाळ्यात आणि थंडीत खोली ऊबदार ठेवायची अडचण असते. तेल लावलेल्या उघड्या अंगावर गार झोत आला की स्नायू आखडतात, म्हणजे मालिश फुकट. हळू फिरणारा पंखा, ओल बाहेर टाकणारा एक्झॉस्ट आणि अंगावर जाडसर चादर, एवढ्यात भागतं. तेल आगीवर तापवायचं नाही. वाटी गरम पाण्यात ठेवायची आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायचा. आपली आजी हेच करायची. गिझर आणि शेगडीचे पॉइंट पाण्यापासून लांब, आणि गळती झाली तर वीज तोडणारा स्विच मात्र हवाच. तेलकट ओले हात आणि वीज यांची गाठ पडू देऊ नये.

सहावं माझं आवडतं, टॉवेल. इथे माझी बी.कॉम. कामाला आली. दिवसाला पाच गिऱ्हाइकं धरली. प्रत्येकीला दोन चादरी आणि तीन टॉवेल. म्हणजे रोज 10 चादरी, 15 टॉवेल. आता जुलैतलं बेळगाव डोळ्यांसमोर आणा. कपडे दोरीवर तीन दिवस वाळत नाहीत, अर्धवट वाळले की कुबट वास येतो. तेव्हा एक दिवसाचा साठा वापरात, तीन दिवसांचा दोरीवर, एक दिवसाचा कपाटात. पाच दिवसांचा साठा म्हणजे 50 चादरी आणि 75 टॉवेल. चादर 250 आणि टॉवेल 150 धरला तर 23,750 रुपये. कोटेशनमध्ये होते दहा हजार. पहिल्या पावसात धंदा बंद पडला असता आणि दोष पोरीच्या नशिबाला गेला असता. खेळतं भांडवल म्हणजे काय हे मी किती जणांना समजावलं, पण इतकं स्वच्छ उदाहरण मला कधी मिळालं नव्हतं.

त्यातच एक धोक्याची गोष्ट. तेलकट टॉवेल ड्रायरमध्ये वाळवून गरम गरम घडी घालून एकावर एक रचले, तर आतली उष्णता साठत जाऊन ते आपोआप पेट घेऊ शकतात. तेव्हा गरम पाण्यात साबणाने तेल नीट काढायचं, ड्रायर वापरलाच तर कपडे पसरून गार होऊ द्यायचे, आणि वापरलेले झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे.

सातवं, दोन खुर्च्या आणि एक वही. टेबलावर घेण्याआधी समोर बसवून विचारायचं. रक्तदाब, मधुमेह, ताप, अलीकडचं ऑपरेशन, दिवस गेलेत का. मधुमेहात पाय बधिर असले तर तेल भाजतंय हे कळत नाही. एकाच पोटरीला सूज, लाली आणि दुखणं असेल तर हात लावायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचं, कारण आत रक्ताची गुठळी असली तर ती चोळल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मी तिला म्हटलं, हे तर आमचं केवायसी! तेव्हापासून त्या वहीचं नाव केवायसीच पडलं.

राहिला धबधबा. आमच्या वयाच्या माणसाला तासभर पालथं झोपवून कानाशी पाण्याची धार सोडायची, यामागे काय विचार असावा हे मला कळलेलं नाही. दहाव्या मिनिटाला उठावंच लागेल! आणि बुद्धाची मूर्ती ही आदराने ठेवायची गोष्ट आहे. मळक्या टॉवेलांच्या शेजारी शोभेला मांडायची नव्हे.

सगळं मिळून आमचा आकडा आला 2,30,000, म्हणजे बरोबर निम्मं. त्यात 32 हजारांचं चांगलं टेबल, 24 हजारांच्या चादरी-टॉवेल, वॉशिंग मशीन, गिझर, खोलीतच हात धुवायचं बेसिन, टाइल, वायरिंग, कपाट आणि सहा हजारांचा साधा बोर्ड आला. कर्ज तेवढंच घेतलं. तिची स्वतःची साठवण पहिल्या सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवली, कारण गिऱ्हाईक जमेपर्यंत हप्ता थांबत नाही.

पण एका बाबतीत मी हरलो, तेही सांगितलं पाहिजे. मी सजावट शून्यावर आणली होती. पुतणी म्हणाली, "काका, तुमची खोली दवाखान्यासारखी दिसेल. बाई इथं यायच्या आधी घाबरलेली असते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला झोपून राहा म्हणतंय." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तीच म्हणाली, "बघणाऱ्याची नजर कुठं असते ते बघू या." पालथं झोपलेल्याला फक्त जमीन दिसते, उताण्याला फक्त छत. भिंतीवरचं गवत बघायला तिथं कोणी नसतंच! मग छताला मऊ फिकट रंग दिला. आणि चेहऱ्याच्या आधाराच्या बरोबर खाली, जमिनीवर, आमच्या आईचं पितळी घंगाळ चिंचेने घासून ठेवलं. त्यात पाणी आणि वर परड्यातली फुलं. याच घंगाळातल्या पाण्याने आम्हा भावंडांची आंघोळ झाली आहे. खर्च शून्य.

वहिनींचा प्रश्न राहिलाच होता, लोक काय म्हणतील. म्हणायचं ते म्हणाले. एकाने मला फिरायला गेलो असताना विचारलं, "काय हो, पुतणीने पार्लर काढलं म्हणे?" आवाजात काय होतं ते तुम्ही ओळखाल. मी म्हटलं, मालिशचं काढलंय. दिवाळीला पहाटे तेल लावून घेता ना, तेच. आपल्या घरात दिवाळीचं अभ्यंग पवित्र, बाळंतिणीचं तेल-पाणी पवित्र, तालमीतल्या पैलवानाची मालिशही मानाची. मग तेच काम एका बाईने पैसे घेऊन, दर लिहून, पावती देऊन केलं की लगेच संशय कसा येतो? आम्ही दरपत्रक आणि तिचं प्रमाणपत्र सोप्यात, रस्त्यावरून दिसेल असं लावलं. माझ्या मते संशयाला उत्तर द्यायचं तर स्वच्छ, उघड्या हिशोबाची खोली ठेवावी. घरच्यांनी मान खाली घालून संशय वाढतोच. आम्ही नऊ वर्षं "हॉटेल लाइन" म्हणत राहिलो. त्यात तिची लाज राखली असं आम्हाला वाटायचं. आम्ही आमचीच राखत होतो.

खोली सुरू होऊन आता दीड वर्ष झालं. दिवसाला पाच काही रोज होत नाहीत. कधी तीन, पावसात कधी दोनच. पण हप्ता चुकलेला नाही आणि तिच्या अंगठ्याला आराम आहे. गेल्या महिन्यात दादांना कोणीतरी विचारलं, मुलगी काय करते? दादा म्हणाले, "मालिशची खोली आहे तिची. शहापुरात." मी शेजारीच होतो.

खानापूरच्या त्या बाईचं पुढे काय झालं मला माहीत नाही. माझी बदली झाली आणि मी कधी चौकशी केली नाही. ही दुसरी चूक. आता ती असेल असं वाटत नाही. चार हजार रुपये, 4 टक्के व्याज आणि कमरेएवढा ओटा. ते प्रकरण मंजूर करायला मला दहा मिनिटं लागली असती.

तुमच्या घरातली कोणी मुलगी, सून, भाची असं काही काढत असेल आणि कोटेशन वाचून हवं असेल, तर खुशाल सांगा. पैसे घेत नाही. फक्त पहिला प्रश्न धबधब्याचा नसेल. टेबल किती उंच आहे आणि त्यापाशी उभं कोण राहणार आहे, हे मी आधी विचारीन.